शेवटच्या कुस्तीआधी

चैत्रातली दुपार कलली, की गावाबाहेरच्या नांगरलेल्या रानात हलगी घुमायला लागते. माणसं अजून जमायची असतात. मांडवातल्या खुर्च्या रिकाम्या असतात, पाहुण्यांना बांधायच्या फेट्यांचं कापड एका कोपऱ्यात घडीवर घडी पडलेलं असतं, आणि आखाड्यात आठ-दहा वर्षांची पोरं लंगोट सावरत उभी असतात. यात्रा कमिटीतला एखादा जाणता माणूस दोघांचे दंड धरतो, शेजारी शेजारी उभं करतो, उंची बघतो, खांदे चाचपतो आणि म्हणतो, "लागू द्या." झाली जोड. वजनकाटा नाही, यादी नाही. पोराचं नाव विचारायचंही बरेचदा कुस्ती झाल्यावर सुचतं. जिंकणाऱ्याच्या हातात नारळ पडतो किंवा पन्नासाची नोट. पूर्वी रेवड्या मिळायच्या. जुनी माणसं या कुस्त्यांना अजूनही रेवड्यांवरच्या कुस्त्याच म्हणतात.

तिथून पाच-सहा तासांनी, दिव्यांच्या झगझगाटात, एक नंबरची कुस्ती लागते. तोवर रान माणसांनी फुलून गेलेलं असतं. झाडांवर पोरं चढलेली असतात, बांधावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावून त्यात माणसं उभी असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो तो या एकाच कुस्तीचा. हे पुस्तक त्या फोटोआधीच्या पाच-सहा तासांचं आहे.

दिवाळी सरल्यापासून मृगाच्या तोंडापर्यंत, असा एक अख्खा हंगाम मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली मैदानं बघत फिरलो. एसटीनं गेलो, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो, पुढं पुढं तर पैलवानांच्याच जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेलो. मी पैलवान नाही. विशीत दोन वर्षं तालमीत होतो, गुडघा गेला आणि लंगोट खुंटीला लागला. तेव्हापासून आखाड्याच्या कडेला उभा राहून बघतो आहे. या काळात केसरींवर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण ज्यांच्या जिवावर मैदान उभं राहतं, ती पाच नंबरपासून पंचवीस नंबरपर्यंतची पोरं मला कुठल्याही पुस्तकात भेटली नाहीत.

नंबर म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. मैदान ठरलं की कमिटी कुस्त्या नेमते. सगळ्यात मोठ्या इनामाची कुस्ती एक नंबरची, ती सगळ्यात शेवटी लागते. तिच्या आधी दोन नंबरची, तिच्या आधी तीन. असं उलटं मोजत गेलं की दुपारी नारळावर लढणाऱ्या पोरांपाशी येऊन पोचतो. मैदानाचं पत्रकही याच हिशेबानं छापतात. वरच्या दोन-तीन जोडांचे मोठाले फोटो, गदा खांद्यावर, फेटे, मागे उगवता सूर्य. त्याखाली लहान फोटो. त्याखाली नुसती नावं, आणि ती खाली खाली इतकी बारीक होत जातात की शेवटच्या ओळी वाचायला पत्रक डोळ्यांपाशी धरावं लागतं. या ओळींमध्येच माझा हंगाम गेला.

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या फुटबॉलवरचं एक पुस्तक वाचताना या कामाचं पहिलं बी पडलं. त्या देशात वरच्या चार थरांत मिळून ९२ क्लब आहेत. आपल्याकडे टीव्हीवर दिसतात ते त्यातले पहिले वीस. या ९२ क्लबांच्या खाली गावागावांतल्या क्लबांची एक अफाट उतरंड आहे. तिथं दिवसा सुतारकाम, गवंडीकाम, कारखान्यातली पाळी करणारी माणसं शनिवारी बूट घालून उतरतात. १८५७ साली स्थापन झालेला शेफील्ड हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब याच खालच्या थरात खेळतो. या सगळ्यांना वरच्यांशी जोडणारी एक स्पर्धा आहे, एफ. ए. कप. तिच्या पहिल्या फेऱ्या ऑगस्टात लहान गावांच्या मैदानांवर सुरू होतात आणि जानेवारीत वरचे संघ तीत उतरतात. १९७२च्या फेब्रुवारीत हेरेफर्ड नावाच्या खालच्या थरातल्या संघानं न्यूकॅसलला हरवलं. त्या दिवशी मैदान म्हणजे निव्वळ चिखल होता, आणि त्या चिखलातून लांबून गोल मारणारा रॉनी रॅडफर्ड पोटापाण्यासाठी सुतारकाम करायचा.

ते वाचताना मला आमच्या नांगरलेल्या रानाची आठवण झाली. जेमी वार्डी हा स्टॉक्सब्रिज या छोट्या क्लबाकडून खेळायचा तेव्हा कारखान्यात कामाला होता, आणि २०१६ साली तो लेस्टरकडून इंग्लंडचा विजेता झाला. तिथल्या लोकांना वार्डी ठाऊक आहे आणि स्टॉक्सब्रिजही ठाऊक आहे. त्या क्लबाच्या दरवाजावर तिकीट फाडणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत त्यांनी लिहून ठेवलंय. आमच्याकडे केसरी ठाऊक असतो; त्यानं पहिली कुस्ती कुठल्या जत्रेत, किती रुपयांवर धरली, हे सांगणारा एकच माणूस असतो, त्याचा वस्ताद, आणि तो गेला की ती गोष्टही जाते.

हंगामाची सुरुवात खरं तर हंगामाच्या बाहेर, पावसाळ्यात होते. आषाढ-श्रावणात मैदानं नसतात, तेव्हा तालमीत मेहनत चालते. पहाटे चारला जोर-बैठका, मग हौद्यातली लढत, संध्याकाळी पुन्हा लढत. हौद्याची तांबडी माती खोऱ्यानं उकरून तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालतात. त्या मातीला एक थंड, आंबूस वास असतो. एकदा अंगाला लागला की पुढं आयुष्यात कुठंही आला तरी माणूस थबकतो. नागपंचमीला जुन्या तालमींत माती पुजतात आणि घरची माणसं दूध-नारळ घेऊन येतात.

पाऊस ओसरला की मोठी मैदानं बोलवायला लागतात. पलूस तालुक्यातलं कुंडल हे त्यातलं मानाचं नाव. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या दिवसांत हे गाव क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या चळवळीचं केंद्र होतं, तुफान सेनेच्या तरुणांची कवायत इथं व्हायची. शरीर कमवणं ही गावाच्या कामाची गोष्ट आहे, अशी समजूत या मुलखात तेव्हापासून पक्की आहे. मग थंडी पडते आणि खटाव तालुक्यात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा येते, जिथं भाविक रथावर नोटांच्या माळा चढवतात. पौषात औंधच्या यमाईची यात्रा येते. औंधचं मैदान बघताना मला दर वेळी वाटतं, की सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी ज्या गावचे राजे होते, त्या गावात पैलवानाला मान आपोआपच मिळणार.

पण हंगामाचा खरा गाभा चैत्र-वैशाखात. गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा तेव्हा एकावर एक येतात. सकाळी पालखी, दुपारी कुस्त्या, रात्री तमाशा, असा दोन दिवसांचा कार्यक्रम. एकाच दिवशी पंधरा-वीस किलोमीटरच्या आत तीन-चार मैदानं. मधल्या नंबरचा पैलवान या दीड-दोन महिन्यांत वर्षभराची कमाई करतो. दुपारी तीनला एका गावात कुस्ती, अंगावरची माती तशीच, वर शर्ट घालून जीपमध्ये, आणि सहाला दुसऱ्या गावात पुन्हा शड्डू. एका पोरानं मला सांगितलं, "सर, वैशाखात आंघोळ रात्रीचीच." आंघोळ केली तरी कानातली माती जात नाही, मोडलेल्या, गोळा झालेल्या कानांच्या घड्यांत ती तशीच राहते. आई करंगळीला पदर गुंडाळून ती काढते. हे मी एका घरी ओसरीवर बसून पाहिलं. चोवीस वर्षांचा, नव्वद किलोचा गडी आईच्या मांडीला डोकं टेकवून डोळे मिटून पडला होता, आणि ती बाई बोलत बोलत कान साफ करत होती, लहान पोराचा करावा तसा.

याच मुलाच्या मागे मी हंगामभर जास्तीत जास्त फिरलो. दुष्काळी तालुक्यातला, तीन एकर जिरायत घरची, बारावी झालेला, आठ वर्षं तालमीत राहिलेला. या मैदानात नऊ नंबर, त्या मैदानात बारा, एखाद्या लहान जत्रेत चार. त्याचं नाव मी पुस्तकात बदललं आहे, कारण इनामाचे आकडे, देणी, घरातली बोलणी हे सगळं त्यानं विश्वासानं दाखवलं. त्याच्या वहीत डाव्या पानावर मिळालेलं इनाम आणि उजव्या पानावर दूध, बदाम, तूप, खोलीचं भाडं लिहिलेलं असायचं. दोन्ही पानांची बेरीज जुळायची ती फक्त वैशाखात.

आणि इनाम येतं कुठून? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा मला हा मुलूख नव्यानं कळला. खानापूर-आटपाडी भागातली हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यात आहेत. देशभरातल्या सराफ बाजारांत, पार दक्षिणेपासून पंजाबापर्यंत, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची भट्टी लावून ती बसलेली आहेत. वर्षभर परमुलखात काढलेली ही माणसं जत्रेला गावी येतात, आणि मैदानाच्या वर्गणीत त्यांचा आकडा मोठा असतो. पाटण, जावळी, माण, खटाव या साताऱ्याच्या तालुक्यांतून मुंबईत माथाडी म्हणून गेलेली माणसं आहेत. मंद्रूळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी ज्यांची संघटना बांधली आणि ज्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, ती. त्यांची मुंबईकर मंडळं वर्गणी पाठवतात. कृष्णाकाठच्या गावांत उसाच्या बिलाचा पैसा, आणि काही साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन देऊन मोठाच आधार दिला. पाठीवर पोती वाहून किंवा भट्टीच्या धगीत बसून मिळवलेल्या पैशातून कुणीतरी चार नंबरची कुस्ती आपल्या वडिलांच्या नावानं लावतो. निवेदक ते नाव कर्ण्यावरून उच्चारतो आणि मैदानातली निम्मी माणसं त्या वडिलांना ओळखत असतात.

निवेदकाबद्दल इथं थांबून लिहिलंच पाहिजे. हलगी आणि निवेदक यांच्याशिवाय मैदान मुकं. चांगला निवेदक पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, बापाचं नाव, मागच्या महिन्यात कुणाला कुठल्या डावावर मारलं, हे सगळं कागदाशिवाय बोलतो. नऊ नंबरचं पोर सलामी देत असताना त्याच्या आजोबांनी अमुक साली अमुक गावात केलेली कुस्ती तो सांगतो, आणि त्या क्षणी ते पोर एकटं राहत नाही. मी टेप केलेल्या निवेदनांचे काही तुकडे पुस्तकात दिले आहेत. कागदावर त्यांचा आवाज येत नाही, पण माणसांची आणि गावांची साखळी तरी कळते.

या साखळीच्या वरच्या टोकाला जी नावं आहेत, ती सगळ्यांना पाठ आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वडील दादासाहेब पैलवान, घरातच आखाडा. १९४८ला लंडनला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती, तरी सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गोळेश्वर-कऱ्हाडच्या माणसांनी वर्गणी काढली, आणि बँटमवेटमध्ये खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट सांगताना आपण पदकावर थांबतो. मला त्या बैलगाड्यांवर थांबावंसं वाटतं. त्या गाड्या हाकणारी माणसं जत्रेच्या मैदानाला आणा-दोन आणे देणारीच होती. ऑलिंपिकची वर्गणी त्यांनी वेगळ्या मनानं दिली नव्हती. पोर आपलं, माती आपली, तेव्हा खर्चही आपला, हा जत्रेतलाच हिशेब त्यांनी हेलसिंकीपर्यंत नेला. पुढं खाशाबांची नोकरी पोलिसात गेली, १९८४ साली अपघातात ते वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्यात क्रीडा दिन म्हणून पाळतात, याचं समाधान आहे. पण सोळा वर्षांचा उशीर माझ्या मनातून जात नाही.

शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने, या दोघांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मिळून चार पदकं घेतली, त्यात दोन सुवर्ण. आंदळकर १९६०चे हिंदकेसरी, माने १९६४चे. आंदळकरांचं सुवर्ण ग्रीको-रोमनमधलं, म्हणजे ज्या प्रकारात कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायांचा वापर करता येत नाही, त्यातलं. टांग मारणं, पट काढणं हे ज्याच्या अर्ध्या विद्येइतकं होतं, त्या मातीतल्या माणसानं उरलेल्या अर्ध्यावर आशिया जिंकला. १९६१ साली औरंगाबादेत पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती जिंकली सांगलीच्या दिनकर दह्यारींनी. २००७ आणि २००८, लागोपाठ दोन वर्षं ही गदा सांगली जिल्ह्यातल्याच चंद्रहार पाटलांकडे होती. इतकी नावं ज्या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यातून येतात, तिथं खाली काहीतरी खोल मुरलेलं असणार. ते काय, हे शोधायला मी केसरींच्या घरी गेलो नाही, दुपारी तीनच्या मैदानात गेलो.

माती की गादी, हा वाद या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा माझं मत आधीच सांगतो. महाराष्ट्र केसरीत आज दोन्ही विभाग आहेत. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी लढतात. ऑलिंपिकला जायचं तर गादीच हवी, यात दुमत नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या तालमीत गादी नसणं हा पोरांवर अन्याय आहे. पण गादीवर कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, गुणांवर, वजनगटात चालते. जत्रेतल्या मातीत दोन्ही खांदे जमिनीला लागले तरच निकाल. त्यामुळं डावांची जातच वेगळी. घिस्सा घ्या. खाली आलेल्या गड्याच्या लांगेत हात घालून त्याला पुढं खेचत नेऊन उलटवायचं, हा मातीतला राजा डाव. गादीवर पोशाख धरायला मनाई आहे, म्हणून तो तिथं जसाच्या तसा चालत नाही. ढाक तिथंही चालते, पण मातीत अंग निसटत नाही, धरलेला हात काखेत आवळून कमरेवरून माणूस पाठीवर टाकला की धप्प असा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो. कुस्ती लागण्याआधी दोघं एकमेकांच्या अंगाला माती लावतात. धरायला सोपं जावं म्हणून लावतात, हे खरं. पण समोरच्याला आपणहून धरायची सोय करून द्यायची, यातलं मोठेपण मला दर वेळी नव्यानं जाणवतं. मातीचं हे भांडार गादीच्या प्रशिक्षकांनी शिकून घ्यावं आणि जत्रेच्या कमिट्यांनी गादीवरच्या पोरांना कमी लेखू नये, एवढंच माझं मागणं आहे.

मैदानात दोष आहेत, आणि त्यांच्यावर पांघरूण घालायला मी हे लिहिलेलं नाही. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती, प्रेक्षकाला दुसऱ्या मिनिटाला कळते. ज्या गड्यानं ती केली त्याला पैसे मिळतात, पण खालच्या नंबरची पोरं आखाड्याच्या कडेला बसून ती बघत असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला बघवत नाही. मोठ्या नावांना मोठं इनाम लावायच्या नादात मधल्या कुस्त्यांचे पैसे कापायचे, ही दुसरी वाईट चाल. एक नंबरचे दोन गडी अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खडाखडी करत राहतात, शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली जाते, आणि ज्या नऊ नंबरच्या पोरांनी चार मिनिटांत जीव ओतून निकाल दिला, त्यांच्या इनामाला कात्री लागलेली असते.

तिसरी गोष्ट माझ्या अंगावरची. माझा गुडघा गेला त्या मैदानात डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती. मला एका दारावर घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि दुधाच्या टेम्पोतून तालुक्याला नेलं. त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं रात्रभर माझ्याजवळ बसली होती, आणि तेव्हा कुठंच वेगळं नव्हतं. आज चाळीस मैदानांत मी रुग्णवाहिका उभी असलेली पाहिली ती मोजक्याच ठिकाणी. ज्या कमिटीला फेट्यांचा, फटाक्यांचा, डिजिटल फलकांचा खर्च झेपतो, तिला एक डॉक्टर बसवणं झेपतंच. मानेला इजा झालेलं पोर कसं उचलावं, एवढं तरी आखाड्यातल्या पंचांना शिकवलं पाहिजे. हे मी प्रत्येक मैदानात बोललो, इथंही लिहून ठेवतो.

मधली दोन वर्षं हे सगळं बंद होतं. २०२०च्या मार्चात टाळेबंदी लागली ती नेमकी हंगाम भरात येताना. जत्रा नाहीत, मैदान नाही, वर्गणी नाही. पुढचा चैत्रही तसाच गेला. तालमी ओस पडल्या, पोरं गावी परतली, खुराक तुटला. वस्ताद मंडळी फोनवरून मेहनत करून घेत राहिली, पण घरच्या अंगणात जोर मारता येतात, लढत कुणाशी करायची? विशीतल्या पैलवानाची दोन वर्षं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. मधल्या नंबरची कितीतरी पोरं तेव्हा एमआयडीसीत लागली, काही परत आली नाहीत. २०२२च्या एप्रिलात साताऱ्यात महाराष्ट्र केसरी भरली आणि कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील जिंकला, तेव्हा संकुलात लोटलेली गर्दी या दोन वर्षांच्या उपासाची होती.

आणि पुढच्याच वर्षी, २०२३च्या मार्चात, सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीचीच प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली. याचा परिणाम दुपारी तीनच्या मैदानात मी स्वतः पाहिला. पूर्वी मुलींची एखादी कुस्ती कौतुकापुरती लावायचे. आता कडेला तीन-चार मुली पोशाख घालून, केस घट्ट बांधून बसलेल्या असतात. एका गावात जोड मिळेना तेव्हा कमिटीवाले म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ती बारा वर्षांची मुलगी हलली नाही. तिच्याबरोबर तिची आत्या होती, मांडीवर पोरीचं दप्तर घेऊन बसलेली. ती शांतपणे म्हणाली, "दादा, चाळीस किलोमीटरवरनं आलोय. पोरगा असला तरी चालंल." पोरगा मिळाला, वजनानं जरा जास्तच. तिनं त्याचा पट काढला, खाली घेतला, आणि पाठ लावायला तिला दोन प्रयत्न लागले. मैदान उठून उभं राहिलं. निवेदकानं तिच्या आईचं नाव विचारून घेतलं आणि कर्ण्यावरून आधी आईचं, मग बापाचं नाव घेतलं. माझ्या तीस वर्षांत मी असं पहिल्यांदा ऐकलं.

पुस्तक महिन्यांप्रमाणे लावलं आहे. वाचकानं मधूनच कुठूनही उघडायला हरकत नाही, फक्त वैशाखाची तीन प्रकरणं सलग वाचावीत. त्यातला थकवा सलग वाचल्याशिवाय पोचणार नाही. डावांची नावं जशी या मुलखात बोलतात तशीच ठेवली आहेत. ज्या वस्तादांनी मला हौद्याच्या कडेला बसू दिलं, ज्या घरांनी वेळी-अवेळी ताट वाढलं, त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांनीच नावं घालू नका म्हणून सांगितलं, म्हणून ती नाहीत.

शेवटचं प्रकरण ज्या मैदानाचं आहे, ते झालंच नाही. वैशाख संपता संपता, कृष्णेच्या खोऱ्यातलं एक गाव. माझ्या त्या नऊ नंबरच्या पोराला तिथं तीन नंबरची कुस्ती नेमलेली होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि पत्रकावर त्याचा फोटो आला होता. फेटा उसना होता. आम्ही पोचलो तेव्हा नारळावरच्या कुस्त्या चालू होत्या. साडेचारला पश्चिमेकडून काळं आलं, धुळीचा लोट उठला, आणि वळीव असा कोसळला की पंधरा मिनिटांत आखाड्याची तांबडी माती ओढ्यासारखी बांधावरून वाहायला लागली. सगळे पैलवान ताडपत्रीखाली दाटीनं उभे होते. सहाला कमिटीनं मैदान रद्द झाल्याचं सांगितलं, जाण्यायेण्याचा खर्च हातावर ठेवला. निघताना तो मांडवाच्या खांबापाशी गेला. खांबाला चिकटवलेलं पत्रक भिजून सुटत आलं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी, कोपरे फाटू न देता, हळूच सोडवलं, जीपच्या बॉनेटवर पसरून शर्टानं टिपलं आणि कमिटीच्या माणसाला विचारलं, "तात्या, कोरडी दोन राहिली असतील का? एक घरी आणि एक वस्तादांना."